स्मृतिस्थळांचे जतन : कोकणातील स्त्रिया आणि एलजीबीटीक्यू समुदाय

स्त्रिया आणि एलजीबीटीक्यू (समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर, क्वीअर) माणसे जिथे राहिली, जमली, गायली, लढली त्या जागा हुडकणे, त्यांची नोंद ठेवणे आणि त्या नांदत्या ठेवणे म्हणजे स्मृतिस्थळांचे जतन. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या समलिंगी लोकांच्या बारमध्ये १९६९ साली पोलिसांच्या धाडीविरुद्ध उठाव झाला. २०१६ साली त्या परिसराला अमेरिकेच्या राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

कोकणात वारसा म्हटला की आधी जलदुर्ग आठवतात. बायकांचा इतिहास मात्र माजघरात, पाणवठ्यावर, देवळाच्या मंडपात घडला आणि या जागा फार लवकर मोडतात. मे महिन्यात घराची शाकारणी चुकली आणि एखादे कौल सरकलेले राहिले, तर पावसाचे पाणी मातीच्या भिंतीत उतरते. दोन-तीन पावसाळ्यांत भिंत बसते. सातबारा सामाईक असला की दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावरच घोडे अडते. १९५८ चा केंद्रीय पुरातत्त्व कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंकडे पाहतो. त्यामुळे विसाव्या शतकातल्या चळवळींच्या बहुतेक जागा त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

तरी काही जागा टिकल्या. दापोलीजवळचे वणंद हे रमाबाई आंबेडकरांचे जन्मगाव. तिथे त्यांचे स्मारक आहे. महाडचे चवदार तळे १९२७ च्या सत्याग्रहासाठी सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी आलेल्या स्त्रियांशी बाबासाहेब स्वतंत्रपणे बोलले होते. ही गोष्ट तिथे येणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवी. रत्नागिरीचा थिबा राजवाडा (१९१०) ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टुटू मात्र रत्नागिरीतच मराठी बोलत वाढली आणि गरिबीत जगली. राजवाडा पाहणाऱ्याला तिची कहाणी सांगितली नाही, तर त्या वास्तूचा अर्धा इतिहास गाळला जातो.

गोव्यातील केरी गावचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. देवळांच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातून गायिका केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आल्या. त्यांनी गायलेल्या भैरवीचे ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेले. केरीतल्या त्यांच्या एका घराच्या जागी आज त्यांच्या नावाची शाळा भरते. घर गेले, पण त्यांचे नाव मुलांच्या तोंडी रोज येते. ज्या समाजाच्या बायकांचा उल्लेख गावाने एके काळी आवाज खाली करून केला, त्यांच्यासाठी हा मान फार मोठा आहे.

सिंधुदुर्गातील दशावतारात स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष करतात. प्रयोगाआधी देवळाच्या आवारात पेटाऱ्याची पूजा होते, मग स्त्रीपार्टी नट छोट्या आरशासमोर स्वतःच रंग लावतो, लुगडे नेसतो, अंबाड्यावर गजरा माळतो. या नटांना सरसकट ट्रान्सजेंडर म्हणणे चूक आहे. तरीही स्त्री-पुरुषपणाच्या सीमा गावाने डोळ्यांदेखत ओलांडू दिल्या त्या याच मंडपात, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुना लाकडी मंडप पाडून काँक्रीटचा स्लॅब टाकताना हे कोणी लक्षात घेत नाही.

मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानात दोन्ही इतिहास एकत्र येतात. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अरुणा असफ अली यांनी तिथे तिरंगा फडकवला. २००८ साली क्वीअर आझादीचा मोर्चाही तिथूनच निघाला. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लागू होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले. तोवर भेटी कोणाच्या तरी खोलीत, बागेच्या बाकावर, लोकलच्या डब्यात होत. अशा जागांवर पाटी लावण्याआधी तिथे जमलेल्यांची संमती घेणे ही जतनाची पहिली अट आहे. काहींचे घरचे आजही अंधारात असतात. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून, नाव न देता सांभाळणे, हेही जतनच.