बाळंतपणाचा पगार मालकाच्या डोक्यावर?

‘बाई कामावर ठेवली की बाळंतपणाचा सहा महिन्यांचा पगार मालकाच्या डोक्यावर’, हा मेसेज लघुउद्योजकांत वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे. बारा माणसांच्या वर्कशॉपला एवढा भार झेपत नाही. पण त्यापायी मुली इंटरव्ह्यूतूनच परत जातात, याचं वाईट वाटतं.

दहा किंवा जास्त कामगार आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा ही सरकारी योजना, लागू होते. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगाराचे ०.७५ टक्के कापतात. बाई असो वा पुरुष, दर तोच. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांचा पगार विम्यातून मिळतो. अट एकच, आधीच्या वर्षभरात ७० दिवसांची वर्गणी. २१,००० च्या वर मात्र खर्च मालकाचाच.

पगाराची स्लिप काढून बघा, ०.७५ टक्क्यांची बारीकशी ओळ आहे का? नसेल तर अकाउंटंटला विचारा.