पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोचतं?

'पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे मुक्कामाचं शहर आपणहून सरकत येतं,' हे शाळेपासून कानावर पडतं. तसं असतं तर लंडनहून न्यूयॉर्कला जाणं सोपं आणि परत येणं लांबलं असतं. घडतं नेमकं उलटं. अंतर दोन्हीकडून तेच, साधारण ५,५०० किलोमीटर; पण जाताना आठेक तास आणि येताना जेमतेम सात.

कारण जमिनीसोबत हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच उडतं. फरक पाडतो तो जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा हा वाऱ्याचा झोत हिवाळ्यात फार जोरकस होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तो पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत उतरलं! जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, पण भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगात होतं.

या झोताला पूर्वेकडे वळवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, हे मात्र खरं.