ध्यानाचं रेकॉर्डिंग स्वतःच्या सोयीचं करण्याआधी
(आमच्या वडोदऱ्याच्या ग्राहकांसाठी)

‘मध्येच आवाज बंद पडतो’ आणि ‘जरा छोटं करून द्या’, बहुतेक फोन या दोनच तक्रारींचे असतात. दोन्हींचा संबंध रेकॉर्डिंगमधल्या शांततेशी आहे.

18 मिनिटांच्या शरीरनिरीक्षणात, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेण्याच्या ध्यानात, प्रत्येक सूचनेनंतर आम्ही मुद्दाम 40 सेकंद बोलत नाही. निवांत बसलेल्या माणसाचे तेवढ्यात 8 ते 10 श्वास होतात. ‘डाव्या पोटरीकडे लक्ष न्या’ हे ऐकल्यावर लक्ष तिथे पोहोचायला, काहीतरी जाणवायला आणि मध्येच गॅसवरच्या दुधाकडे धावलेलं मन परत यायला एवढा वेळ लागतोच. सराव होतो तो याच वेळात. ही शांतता गाळून पुढे गेलात, तर सरावच राहून जातो. वेग 1.25 पट केला, की सगळं साडेचौदा मिनिटांत उरकतं खरं, पण 40 सेकंदांचे 32 होतात, सूचनांची घाई होते आणि उठल्यावर आणखीच अस्वस्थ वाटतं. मग ‘हे मला मानवत नाही’ असा निरोप येतो आणि आम्ही नवं रेकॉर्डिंग करायला बसतो. जुनंच पुरेसं असतं!

वेळ कमी असेल तर शांतता तशीच ठेवून थांबे, म्हणजे लक्ष न्यायच्या जागा, कमी करा. दोन्ही पाय एकदम घ्या, दोन्ही हात एकदम घ्या, चेहरा एकाच थांब्यात. सुरुवातीची आणि शेवटची दोन-दोन मिनिटं मात्र कापू नका. बोटं हलवत सावकाश डोळे उघडले नाहीत तर ध्यानातून दचकून उठल्यासारखं होतं. असं 10 मिनिटांचं रेकॉर्डिंग तयार आहे, मागून घ्या.

शांतता सोसतच नसेल तर योगनिद्रा, म्हणजे शवासनात पडून सूचना ऐकत करायचं ध्यान, घ्या. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या पद्धतीत उजव्या हाताच्या अंगठ्यापासून लक्ष भराभर फिरवतात, एका जागी रेंगाळून विचार सुरू होऊ नयेत म्हणून. शवासनात झोप लागत असेल तर एक हात कोपरापासून उभा ठेवा. डुलकी लागली की तो पडतो आणि जाग येते.

‘समोर तलाव पाहा’ म्हटल्यावर काहींना खरंच काही दिसत नाही. त्यात तुमची चूक नाही. तळपायाखालची गार फरशी किंवा पंख्याची घरघर, याकडे लक्ष ठेवा. श्वासाकडे लक्ष दिल्यावर गुदमरल्यासारखं होत असेल तर लक्ष तळहातांकडे न्या. मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर बैठकीखाली घोंगडीची जाड घडी घ्या. खुर्चीवर पाय टेकत नसतील तर खाली पाट.

मागे बासरी हवी, अशीही मागणी असते. आम्ही घालत नाही, कारण मन पुढच्या सुराची वाट पाहू लागतं. नवरात्रात गरब्याचा आवाज घरात येतो तेव्हा इअरफोनचा आवाज वाढवू नका. त्या दिवसांत ढोलाचा ठेकाच लक्षाचा आधार करा.

एका वेळी एकच बदल करा आणि तो सात बैठका टिकवा. तरीही जमलं नाही तर कोणतं रेकॉर्डिंग, बसून की पडून, आणि कितव्या मिनिटाला अडलं, एवढं लिहून पाठवा. पहिला बदल आम्ही विनामूल्य करून देतो.

डोळे मिटल्यावर धडधड वाढत असेल किंवा जुने प्रसंग अंगावर येत असतील, तर लगेच डोळे उघडा, थांबा आणि आधी डॉक्टरांशी बोला. अशा वेळी आम्ही नवं रेकॉर्डिंग देत नाही.