विज्ञानाच्या तासातील ज्ञानरचनावाद : नागपूर परिसरातील पार्श्वभूमी

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ नंतर ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द महाराष्ट्रातील शिक्षकांच्या कानी पडू लागला आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर तो शाळोशाळी पोचला. विचार मात्र बराच जुना आहे. मूल ज्ञान आयते घेत नाही, तर आधीच्या अनुभवाशी ताडून ते स्वतः रचते, असे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मांडले. ही रचना सोबत्यांशी आणि मोठ्यांशी होणाऱ्या संवादातून घडते, यावर रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांचा भर होता.

विज्ञानाच्या मूलभूत कौशल्यांची यादी मात्र वेगळ्याच वाटेने आली. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक हा उपग्रह झेपावल्यानंतर अमेरिकेने शालेय विज्ञानाची फेरमांडणी हाती घेतली आणि निरीक्षण, वर्गीकरण, मापन, अनुमान, भाकीत व संप्रेषण ही कौशल्ये पायरीपायरीने घोटून घेण्याचा कार्यक्रम १९६० च्या दशकात आखला गेला. त्यामागे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गॅग्ने यांचा विचार होता, पियाजे यांचा नव्हे. आज एकाच प्रशिक्षणात दोन्ही गोष्टी सहज एकत्र सांगितल्या जातात, तेव्हा हा फरक नजरेआड होतो आणि कौशल्ये तक्त्यात भरण्याच्या रकान्यांपुरती उरतात.

नागपूरकरांना अनुभवातून ज्ञान रचण्याच्या विचारासाठी फार दूर जावे लागले नसते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना पुढे आली आणि झाकीर हुसेन समितीने तिला आराखड्याचे रूप दिले. उत्तरेला, इटारसीच्या पलीकडे, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या स्वयंसेवी संस्थांनी १९७२ मध्ये १६ शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. हा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातलाच! तेथे मुले आधी प्रयोग करीत, निष्कर्षावर वाद घालीत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला. नागपुरातही अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिकेच्या शाळांतील मुले घरगुती साहित्यातून प्रयोग करून दाखवतात.

२०१५ नंतर ज्ञानरचनावादाच्या नावाने अनेक शाळांच्या फरशा अंक-अक्षरांनी रंगल्या. विज्ञानाचा तास मात्र त्या मानाने बदलला, असे म्हणता येत नाही. बाष्पीभवनाचेच पाहा. मे महिन्यात खोली गार करणारा वाळ्याचा कूलर जुलैत नुसता दमटपणा वाढवतो, हे इथल्या मुलाला व्याख्येच्या कितीतरी आधी ठाऊक असते आणि विदर्भातील शाळा उघडतात त्या नेमक्या याच सुमारास. सारखेच ओले केलेले दोन रुमाल, एक पसरलेला व एक घडी घातलेला, वर्गात टांगले, कोणता आधी वाळेल याचे भाकीत वहीत लिहून घेतले आणि दर दहा मिनिटांनी दोन्ही तराजूवर तोलले, तर मापनाचे कारण मुलांना सांगावे लागत नाही. पावसाळी दुपारी दोन्ही रुमाल ओलेच राहिले, तर कूलरचा विषय मुलेच काढतात.