चहाच्या रंगाची लघवी म्हणजे कावीळच असं नाही

डेंग्यू किंवा फ्लूच्या जबर तापात लघवी कोऱ्या चहासारखी झाली की घरात पहिला शब्द निघतो, ‘कावीळ’. रिपोर्टमध्ये एसजीओटी (यकृताच्या तपासणीत मोजलं जाणारं एन्झाइम) वाढलेलं दिसलं की खात्रीच पटते. पण एसजीओटी यकृताप्रमाणे स्नायूंतही असतं. डोळे पांढरे, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) ठीक, आणि रुग्ण दुखण्यामुळे मांड्या-पोटऱ्यांना हात लावू देत नसेल, तर सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम रक्तात किती आहे ते बघावं. ते साधारण २०० युनिटच्या आत हवं. हजारावर गेलं की स्नायूपेशी फुटताहेत असं समजायचं. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात.



विषाणू थेट स्नायूत शिरो, नाहीतर प्रतिकारयंत्रणेच्या माऱ्यात पेशी सापडो, घात करतं ते कॅल्शियम. स्नायूपेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असतं. हा फरक टिकवणारे पंप एटीपी (पेशीचं इंधन) जाळून अहोरात्र चालतात. एटीपी आटलं की आधी सोडियम आत साचतं; मग सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर टाकणारी अदलाबदल उलटी फिरते आणि कॅल्शियम आत येऊ लागतं. स्नायूला कॅल्शियम म्हणजे ‘आकुंचन पाव’ हा हुकूम. तंतू आवळलेलेच राहतात, उरलंसुरलं एटीपीही जाळतात. त्याच कॅल्शियमने दोन एन्झाइम जागी होतात: कॅल्पेन प्रथिनं कापते, फॉस्फोलिपेज पेशीपटल विरघळवते, आणि त्या भोकांतून आणखी कॅल्शियम आत शिरतं.

फुटलेल्या पेशीतून पोटॅशियम निघतं, ते हृदयाची लय बिघडवतं. मायोग्लोबिन हे स्नायूंत ऑक्सिजन साठवणारं लाल प्रथिनही निघतं; लघवीचा चहासारखा रंग त्याचाच. ते हिमोग्लोबिनच्या जेमतेम पाव आकाराचं असल्याने मूत्रपिंडातून गाळलं जातं आणि आम्लधर्मी लघवीत युरोमोड्युलिन या मूत्रपिंडातल्याच प्रथिनाशी चिकटून नलिकांत बुचं बनवतं. लघवी तपासायची स्ट्रिप म्हणते ‘रक्त आहे’, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र लाल पेशी नसतात. स्ट्रिपला फक्त हीम, म्हणजे हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन दोन्हींत असलेला लोहयुक्त भाग, ओळखता येतं. मायोग्लोबिन काही तासांतच रक्तातून जातं, म्हणून लघवी स्वच्छ दिसली तरी सीपीके पाहायचंच.

उपाय म्हणजे लवकर सुरू केलेलं सलाईन; लघवी तासाला २०० ते ३०० मिलिलिटर व्हावी इतकं. डेंग्यूत मात्र केशवाहिन्या झिरपतात, तेच सलाईन फुप्फुसांभोवती साचू शकतं. तिथे दर तासाला मोजमाप लागतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं नकोच. त्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटतो. रक्तातलं कॅल्शियम कमी दिसलं म्हणून लक्षणांशिवाय इंजेक्शन देत नाहीत. ते हरवलेलं नसतं, स्नायूंत जाऊन बसलेलं असतं. रुग्ण सावरताना परत रक्तात येतं, आणि टोचलेलं त्यात भर घालतं.