रात्रीच्या कॉकपिटमधला उजेड

सेस्ना १७२ सारख्या छोट्या विमानात रात्री वैमानिकाला दोन गोष्टी एकदम बघायच्या असतात. काचेपलीकडचा काळोख, आणि हातभर अंतरावरच्या डायलवरचे आकडे. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला साधारण अर्धा तास लागतो. तो सराव मोडायला मात्र काही सेकंदांचा झगझगीत उजेड पुरतो. शिवाय डायलवरचे दिवे प्रखर असले की समोरच्या काचेत त्यांचंच प्रतिबिंब दिसतं. म्हणून या विमानांत पॅनेलचे दिवे मंद करायचा एक नॉब असतो, आणि जुन्या विमानांत तो बराच कुरकुरतो.

अंधुक उजेडात आपण दृष्टिपटलावरच्या दंडपेशींच्या भरवशावर बघतो. या पेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतात. लाल प्रकाशाची त्या जवळजवळ दखलच घेत नाहीत. म्हणूनच जुन्या सेस्नांच्या छतात लाल दिवा असे. त्याच्या उजेडात डायल वाचावेत आणि दंडपेशींना खबरही लागू नये, अशी कल्पना. ती बरोबर होती, पण अर्धीच. अमेरिकी हवाई नकाशांवर बऱ्याच खुणा किरमिजी रंगात छापतात, आणि लाल दिव्याखाली त्या कागदात विरून जातात. चाळिशी लागलेल्या वैमानिकाची आणखी पंचाईत: अंधारात बाहुली रुंदावते आणि जवळचं अक्षर अधिकच धूसर होतं. त्यामुळे पुढे अगदी मंद केलेला पांढरा उजेडच बरा, असं मत रुजलं.

आता मंद करायचं कसं? सगळ्यात जुना उपाय रिओस्टॅट, म्हणजे कमीजास्त करता येणारा तारेचा रोध. तो दिव्यांच्या वाटेत बसतो आणि व्होल्टेजचा काही हिस्सा स्वतःकडे ठेवतो. १४ व्होल्टच्या यंत्रणेत दिव्यांना ७ व्होल्ट द्यायचे, तर उरलेले ७ रिओस्टॅटवर पडतात. प्रवाह दोघांतून सारखाच वाहत असल्यामुळे दिवे जेवढी वीज खातात तेवढीच रिओस्टॅट उष्णता म्हणून उडवतो. नॉब गरम लागतो तो यामुळे. यात एक गंमतही आहे. सगळ्या दिव्यांत मिळून एकच रिओस्टॅट असेल आणि त्यातला एक दिवा गेला, तर प्रवाह घटतो, रोधावरचं व्होल्टेज कमी होतं आणि उरलेले दिवे किंचित उजळतात.

तारेच्या बल्बचा स्वभाव मात्र या कामाला फार सोयीचा. व्होल्टेज निम्मं केलं की उजेड निम्मा होत नाही, जवळपास दहाव्या हिश्शावर येतो. तार थंडावते तसा तिचा रंग नारिंगी-लालसर होत जातो, म्हणजे दंडपेशींना आपोआपच कमी त्रास. आणि व्होल्टेज दहा टक्के जरी उतरवलं, तरी बल्बचं आयुष्य कित्येक पट वाढतं. विजेच्या हिशेबात हा बल्ब उधळ्या, पण नॉबशी त्याचं छान जमतं.

पुढे रिओस्टॅटची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. नॉबमधून आता अगदी थोडा प्रवाह जातो; दिव्यांचं ओझं ट्रान्झिस्टर पेलतो. त्याची दुखरी जागा दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक असते. वीज चालू ठेवून बल्ब बदलताना होल्डर क्षणभर जरी शॉर्ट झाला, तरी फ्यूज उडायच्या आत ट्रान्झिस्टर जळू शकतो. मग तो कसा जळला त्यावर ठरतं: दिवे एकतर पूर्ण प्रखर, नाहीतर पूर्ण बंद.

सगळ्यात फसवी जोडणी, माझ्या मते, पायपर ॲरोमधली आहे. या विमानाची चाकं आत घेता येतात, आणि ती उतरून पक्की बसली की तीन हिरवे दिवे लागतात. रात्री ते डोळ्यांत खुपू नयेत म्हणून पॅनेलचे दिवे लावताच हे तिन्ही दिवे आपोआप मंद होतात. रात्री उत्तम सोय. पण भर दुपारी पॅनेलच्या दिव्यांचा नॉब चुकून चालू राहिला असेल, तर उन्हात ते हिरवे दिवे दिसतच नाहीत. चाकं नीट उतरलेली असतात आणि वैमानिक मात्र ती अडकली या चिंतेत घिरट्या घालतो. त्यामुळे दिवे दिसले नाहीत तर आधी तो नॉब बघ, असं शिकाऊ वैमानिकाला बजावलं जातं.

हल्ली जुन्या पॅनेलमध्ये एलईडी बसवायचा मोह होतो. एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की जुन्या रिओस्टॅटवर पुरेसं व्होल्टेज पडतच नाही; नॉब बराच फिरवला तरी उजेड जवळपास तसाच. व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरवलंच, तर दिवे एकदम विझतात. रंगही लालसर होत नाही, मंद झाला तरी पांढरा तो पांढराच. उपाय आहे: सेकंदाला शेकडो वेळा दिवा चालू-बंद करायचा आणि चालू असण्याचा वेळ कमीजास्त करायचा. डोळ्याला ती उघडझाप कळत नाही, पण तारांची जोडणी आणि विजेतली खरखर अडवणारी गाळणी (फिल्टर) नीट नसेल तर तिची बारीक किणकिण हेडफोनमध्ये ऐकू येते. म्हणून एलईडी बसवायचे तर त्यांच्याशी जुळणारा, विमानासाठी मंजूर झालेला डिमरही सोबत घ्यावा लागतो, आणि खर्चाचा आकडा तिथेच फुगतो.