देहभान

आपले शरीर या घडीला कसे आहे, काय करते आहे, कुठे ताणले गेले आहे याची जाग म्हणजे देहभान. आरोग्यक्षेत्रात ते माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, भाग म्हणून शिकवतात. मराठवाड्यात या शब्दाची गंमत अशी, की कीर्तनात ‘देहभान हरपले’ ही दाद असते. नामदेवांच्या नर्सीत काय, ज्ञानेश्वरांच्या आपेगावात काय, भान उरले तर भक्ती कच्ची. आरोग्यक्षेत्रात अर्थ नेमका उलटा आहे.

मूळ कल्पना पाली ‘सति’ची, म्हणजे सजगतेची. मज्झिमनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातील सतिपट्ठान सुत्ताची सुरुवातच कायेच्या निरीक्षणाने होते. लाकूड कातणारा कसबी कातारी लांब ओढ घेताना ती लांब आहे हे जाणतो, तसा लांब श्वास लांब म्हणून जाणावा, असा त्यातला दाखला. पुढे चालणे, बसणे, निजणे, जेवणे आणि थेट शौचाला जाणेही येते. देहभान आसनापुरते नाही, हे तिथेच स्पष्ट होते. अजिंठ्याच्या १२ क्रमांकाच्या लेण्यात भिक्खूंच्या खोल्यांतले दगडी ओटे आजही दिसतात. निजण्याचे भान म्हणजे काय, ते त्या ओट्यावर हात ठेवला की अर्धे कळते.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पाली शब्द मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांत पोहोचले. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ पासून भारतात विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे घेतली. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये ताण व जुनाट दुखणी असलेल्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. तो पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रुळला. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवणे, म्हणजे बॉडी स्कॅन, हा त्यातला मुख्य सराव.

रोजच्या कामात हे कसे उतरते? कापूस वेचणारी बाई घ्या. ओटी भरत जाते तसे ओझे कमरेवर येते, वाळल्या बोंडाची टोके नखाशी रुततात, आणि तिचे सगळे ध्यान मजुरीच्या किलोंवर. दुपारी तिला कळते ते एवढेच, ‘कंबर धरली’. पण ती एकाएकी धरत नाही. सकाळपासून एकाच पायावर भार असतो, खांदे कानाशी चढलेले असतात, वाकताना श्वास कोंडलेला असतो. हे मध्येच लक्षात आले तर ती पाय बदलते, ओटी लवकर रिकामी करते. आराम पडतो तो या बदलाने, नुसत्या लक्षाने नव्हे. प्रचारात नेमके हेच राहून जाते.

मजुरीचा दर, उचल, उन्हाचा तडाखा यांवर देहभान हा इलाज नाही. छातीत कळ आली तर ती निरखत बसू नये, दवाखाना गाठावा. मोठा आघात सोसलेल्या काहींना डोळे मिटून शरीराकडे पाहिल्याने उलट घाबरे होते. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, तळव्याखालच्या जमिनीचा स्पर्श तेवढा धरावा, आणि जमेल तर जाणकाराच्या सोबतीने.